अर्धवट छापलेल्या एका तुकड्याबद्दल गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : थ्रीडी प्रिंटरवर बंदूक छापण्याचे प्रकार, आणि त्याबद्दल आम्हाला कोणीच काही न सांगणे

महोदय, स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र शाखेला शिकवते. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ, शेपर, ड्रिल ही जुनी मंडळी आहेत आणि कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत दोन थ्रीडी प्रिंटर. त्या खोलीला पोरं 'एसी रूम' म्हणतात. एसीचा प्रस्ताव वर गेला तेव्हापासून. या प्रिंटरवर पोरांनी चांगली कामं केली आहेत. टोकण यंत्राची चकतीच घ्या. सोयाबीनच्या दाण्याची भोकं तुरीला चालत नाहीत. पोरांनी दाणे मोजून, आखून, तुरीची चकती छापली आणि दोन गावांत ती पेरणीला चालली. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून आपल्या खात्याला प्रिंटरच बंद करण्याची बुद्धी होऊ नये.

फेब्रुवारीतली गोष्ट. प्रोजेक्टची घाई होती, पाच वाजून गेले होते. मेन स्विच बंद करायला गेले तर एक प्रिंटर चालूच, आणि शेजारी थर्ड इयरचं एक पोरगं उभं.

"काय रे हे?"

"रेग्युलेटरचा बॉक्स आहे, मॅडम."

प्रिंटरच्या बेडवर चार बोटं उंचीचा काळा तुकडा उभा राहिला होता. अठरा वर्षं ड्रॉइंग तपासते आहे. भिंतीवर ठोकायचा बॉक्स आणि मुठीत धरायची वस्तू, यातला फरक मला कळतो. लॅपटॉप उघडायला लावला. स्क्रीनवर अख्ख्या बंदुकीची जोडणी होती. मी प्रिंट थांबवली. दोन तास चाळीस मिनिटं बाकी दाखवत होतं.

पोरगं एकोणीस वर्षांचं. घरी तीन एकर कोरडवाहू. हजेरी चांगली, भांडणतंटा नाही. आमच्याकडे वाढदिवसाचा केक तलवारीने कापून रील टाकणारे असतात, मग गुन्हा दाखल झाला की तेच हात जोडून माफीचा व्हिडिओ टाकतात. हे त्यातलं नव्हतं. "चालवायची नव्हती मॅडम, नुसती बनवून बघायची होती," म्हणाला. आणि मग जे म्हणाला त्यासाठी हे पत्र आहे : "अन् घरी बनवलेली असली तर चालती ना? स्वतःपुरती असली की लायसन लागत नाही म्हणं."

हे त्याला कुठे कळलं? अमेरिकेतल्या व्हिडिओंत. तिथल्या केंद्रीय कायद्याने स्वतःपुरती बंदूक बनवायला साधारणपणे मनाई नाही, ही गोष्ट खरी आहे. पण तिथेही मोकळं रान उरलेलं नाही. काही राज्यांनी निर्बंध घातले आहेत, आणि घरी जुळवायच्या किटलासुद्धा नंबर आणि गिऱ्हाइकाची तपासणी लागू करणारा नियम मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. व्हिडिओत हे सांगत नाहीत. आणि कळमनुरी-जिंतूरकडे अमेरिकेचा कायदा चालत नाही, हे तर त्या व्हिडिओवाल्याला सांगायचं कारणच नाही. ते सांगायला आपण होतो.

आपला कायदा याबाबत अगदी सरळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ : परवान्याशिवाय बंदूक बनवणं हाच गुन्हा. विकली का, झाडली का, कपाटात ठेवली का, हे प्रश्न नंतरचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. बनवली नाही, परवान्याशिवाय नुसती बाळगली, तरी किमान दोन वर्षं. आणि 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत सुटे भागही येतात, इतकंच काय, शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामाच्या वस्तू, आणि ज्याचं खेळण्यापलीकडे काही होऊच शकत नाही ते, एवढंच त्यातून सुटतं. १९५९ साली हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लेथ आणि भट्टी असणार. आज त्या शब्दांत माझी काचेची खोली बसते का, हे मला नीट सांगेल असा माणूस अजून भेटलेला नाही.

सात वर्षं, महोदय. मी हा आकडा त्या पोराला सांगितला तेव्हा त्याने पहिल्यांदा बोटांवर हिशेब केला. सव्विसावं वर्ष.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या कानावर घातलं. "फाईल डिलीट करा, विषय वाढवू नका." त्यांचंही मी समजू शकते, संस्थेचं नाव पेपरात कोणाला हवं असतं? पण तुकडा माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि सुटे भागही शस्त्रात धरतात हे मी रात्रीच वाचलं होतं. मग तो स्टीलच्या डब्यात घालून ठाण्यात घेऊन गेले. अंमलदारांनी डबा उघडला. त्यांना वाटलं काही खायला आणलंय. तुकडा उलटसुलट करून बघितला, नखाने टोकरला.

"मॅडम, हे तर प्लास्टिकचं हाय. कट्टा असता तर पंचनामा केला असता. ह्याची काय नोंद घ्यावं?" चहा मागवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् नोंद घेतली तर पोराचं नाव येतंय बघा." माणूस चांगला होता. मी नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि डबा जसा नेला तसा परत आणला.

शेवटी तो तुकडा मी वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये धरून हातोड्याने फोडला. बरोबर केलं की पुरावा नष्ट केला, हे आपणच सांगावं. तिसऱ्या घावाला तो थरांवरून सरळ सुटला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. वर्गातल्या पोरांना बोलावून दाखवलं. कलमं सांगून जेवढी शांतता झाली नव्हती, तेवढी तेव्हा झाली.

कारण प्रिंटर वस्तू ओतत नाही, थरावर थर चढवतो, आणि दोन थरांमधला सांधा हाच तिचा सगळ्यात कच्चा भाग असतो. आमच्याकडे सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. माझ्या स्कूटीला मी हौसेने मोबाइल होल्डर छापून लावला होता. परभणीच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, काळ्या रंगाचा तो होल्डर दुपारभरात मान टाकून बसला. आता दाबाचा हिशेब बघा. कारच्या टायरमध्ये आपण बत्तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो. नऊ एमएमच्या काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय धरलेला आहे. टायरच्या हजारपट दाब, आणि तो बोटांपासून, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी अशा दोन बंदुका छापून चाचणी घेतली. त्यातली एक झाडताना फुटली. पोलिसांच्या प्रयोगशाळेत ती दुरून झाडता येते. आमच्याकडे ती कोणाच्या तरी हातात असेल, आणि शेजारी मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र.

ही चाचणी ज्या बंदुकीची, ती 'लिबरेटर'. मे २०१३ मध्ये टेक्सासमधून तिची फाईल इंटरनेटवर आली. अमेरिकी सरकारने ती काढायला लावली तोवर एक लाखावर वेळा डाउनलोड झाली होती. तेव्हा फाईल डिलीट करा म्हणण्यात किती अर्थ आहे ते दिसतंच. पुढच्याच वर्षी जपानमध्ये घरी बंदुका छापणाऱ्या एकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात हल्ला करणाऱ्याजवळच्या घरगुती बंदुकांचे काही भाग छापलेले होते. त्या पुन्हा पुन्हा अडकल्या, त्यामुळे बरेच जण वाचले. तरी दोन माणसं गेलीच.

आपल्या खात्यातले कोणी म्हणतील, बाई, मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून कट्टे येतात, बीडमध्ये बंदुकीच्या परवान्यांचा आकडा हजाराच्या वर निघाला, आणि तुम्ही प्लास्टिक घेऊन बसलात. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ आम्हीही बघितले. मला कट्ट्याचं भय कमी आहे असं नाही. पण कट्टा मिळवायला माणूस लागतो, आणणारा, देणारा, पैसे घेणारा, आणि तुमचे खबरी त्या माणसांवर लक्ष ठेवून असतात. छापायला बंद खोली पुरते. कट्टेवाल्याच्या दारात ज्यांचं पाऊल कधी पडणार नाही, अशी आमची सरळ पोरं प्रिंटरशेजारी उभी असतात. त्यांना पकडायला खबरी नाही, आणि त्यांना अडवायला फक्त मास्तर आहेत.

दिवाळीत काय झालं ते आठवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात प्लास्टिक पाइपच्या कार्बाइड गनने शंभराहून जास्त लोकांचे, त्यातही मुलांचे, डोळे जायबंदी केले. आमच्याकडे वानरं आणि रानडुकरं हाकलायला तसलेच पाइप शेतात वापरतात. तीही कुणी शस्त्र म्हणून घेतली नव्हती.

इथे माझ्या माहेरची एक आठवण सांगते, थोडी विषयांतराची. आजोबांची ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. नळीवर नंबर कोरलेला, तोच परवान्याच्या पुस्तिकेत. निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. वडील ती पोत्यात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायचे आणि पावती घेऊन यायचे. पावती हरवली तर बंदूक परत मिळायची नाही, म्हणून आई ती देवघरात पाटाखाली ठेवायची. वर्षानुवर्षं त्या बंदुकीने एखादं डुक्करही मेलं नसेल, पण ती कुठे आहे हे सरकारला ठाऊक असायचं. नंबर खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे तो याचसाठी. छापलेल्या बंदुकीला खोडायलाही नंबर नसतो.

शस्त्रांचा कायदा केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. न्यू साउथ वेल्सने २०१५ मध्ये आणि सिंगापूरने २०२१ मध्ये बंदुकीची डिजिटल फाईल बाळगणंच गुन्हा ठरवलं. तसं इथे करायचं का हे दिल्लीने ठरवावं, आणि ठरवताना जिज्ञासेने उघडलेली फाईल आणि विकायला ठेवलेली फाईल यांत फरक करावा. पण ठाणं तुमचं आहे. तंत्रनिकेतनं, आयटीआय राज्याची आहेत, आणि अटल टिंकरिंग लॅबचे प्रिंटर तर आता जिल्हा परिषदेच्या काही शाळांतही आहेत, जिथे सहावीतली लेकरं ते हाताळतात. तुमच्या एका सहीने होण्यासारखं बरंच आहे.

मला मराठीत एक पानाचं परिपत्रक हवं आहे, प्रिंटर असलेल्या प्रत्येक खोलीच्या दारावर लावता येईल असं. त्यात कलम ५ हवं, सात वर्षं हवीत, आणि 'स्वतःपुरती बनवली तरी गुन्हाच' हे वाक्य ठळक हवं. ठाण्यांना लेखी सूचना हवी, की प्लास्टिकचा असा तुकडा कोणी आणून दिला तर तो कोणत्या नोंदीने घ्यायचा, कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि आपणहून आणून देणाऱ्या शिक्षकाला किंवा बापाला आरोपीसारखं वागवायचं नाही. हे शेवटचं झालं नाही तर कोणी काही आणून देणार नाही, हातोडे मात्र सगळ्यांकडे आहेत. आणि काडतुसांकडे बघा. काडतूस प्रिंटरवर छापता येत नाही, ते कुठल्या तरी परवान्यावरूनही बाहेर पडू शकतं. जिथे परवाने हजारावर होते तिथे विकत घेतलेल्या काडतुसांचा हिशेब कधी लागला आहे का, हे एकदा तपासून घ्यावं.

ते पोरगं आता शेवटच्या सेमिस्टरला आहे. त्याला मी प्रिंटरपासून तोडलं नाही. उलट रोज संध्याकाळी लॉगबुक लिहायचं काम दिलं आहे. कोणी काय छापलं, किती वेळ, किती ग्रॅम, फाईलचं नाव काय. अक्षर बरं आहे त्याचं. त्या वहीत पहिल्या पानावर मी कलम ५ हाताने लिहून चिकटवलं आहे, पण त्याखाली सही माझी आहे, आणि पोरं मला ओळखतात. माझ्या सहीचा धाक किती ते मला माहीत आहे.

नवी बॅच जुलैअखेर येते. परिपत्रक त्याआधी निघावं, ही विनंती.

आपली,
यंत्र शाखेची एक अधिव्याख्याता