हवालदारांचं डिपॉझिट

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे फोनवर सांगायचं मी टाळलं. फोनवर आपलं दोघांचं वाजतं आणि आईचं बीपी वाढतं. म्हणून लिहिते आहे. आपले भाडेकरू, फौजेतले हवालदार, यांनी रविवारी सांगवीचा फ्लॅट सोडला आणि मी त्यांच्या 50,000 रुपयांच्या डिपॉझिटमधून फक्त लाइटबिल वजा करून बाकी सगळे पैसे परत दिले. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट, मोडल्याबद्दल एक महिन्याचं भाडं, म्हणजे 18,000 कापायला तुम्ही बजावलं होतं. करारात तसं लिहिलेलंही आहे. तरी मी कापले नाहीत.

पोस्टिंगची ऑर्डर आली त्याच संध्याकाळी ते घरी आले होते. चप्पल दाराबाहेर काढून उभेच राहिले. "ताई, फील्ड मिळालंय, फॅमिली नेता येत नाही," एवढंच म्हणाले, आणि स्वतःच डिपॉझिटचा विषय काढला. नियमाप्रमाणे जे कापायचं ते कापा, म्हणाले. मला ते ऐकवेना. घर त्यांनी काही हौसेनं मुदतीआधी सोडलं नव्हतं. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, क्वार्टरसाठी नंबर लागायचा होता म्हणून ते नदीपलीकडे आपल्याकडे आले. पुणे भत्त्याच्या हिशेबात एक्स वर्गातलं शहर, म्हणून मूळ पगाराच्या 30 टक्के घरभाडे भत्ता मिळतो, पण हवालदाराच्या पगारावर त्यातून आपलं भाडं भागत नाही. वरचे पैसे खिशातले. बरं, क्वार्टर मिळालं असतं तर भत्ता बंद, म्हणजे तेव्हाही घर सोडावंच लागलं असतं. अशा माणसाला अकरा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये बांधणं मला पटत नाही. ते कलम एजंटच्या छापील मसुद्यात होतं आणि मीही न वाचता पुढे ढकललं, ही माझी चूक.

रविवारी टेम्पो आला तेव्हा मी गेले होते. त्या काळ्या लोखंडी पेट्या, पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेल्या, दोघांनी उचलून जिन्यावरून उतरवल्या. घर झाडून पुसून लख्ख. कॅलेंडरच्या आणि आरशाच्या खिळ्यांची भोकं पुट्टीनं बुजवून वर रंगाचा हात फिरवलेला. चाव्यांचा जुडगा दिला, तर प्रत्येक चावीला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर लाल पेननं लिहिलेलं: मेन दार, गॅलरी, मीटरपेटी. सिंकखालचं गळकं पाइपचं कोपर त्यांनी दिवाळीतच स्वतः बदललं होतं, त्याचे पैसे मागितले नव्हते. आई, तू लावलेली गॅलरीतली तुळस त्यांच्या बायकोनं जगवली आहे, मंजिऱ्या धरल्यात. ती आता छोटीला घेऊन सांगली जिल्ह्यातल्या गावी सासूकडे राहील.

बाबा, तुम्ही म्हणाल, कायदा आपल्या बाजूनं आहे. आहेच. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर फौजी घरमालकासाठी वेगळं कलम 23 आहे. त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला राहायला घर हवं असेल, तर अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर भाडेकरूकडून ताबा मागता येतो. पण फौजी जेव्हा स्वतः भाडेकरू असतो, तेव्हा त्याच्या बदलीची सोय आपणच करारात लिहिलेली बरी. दादा सांगत होता, अमेरिकेत फौजींसाठी 2003 चा कायदाच आहे: कायमच्या बदलीची किंवा 90 दिवस वा जास्त मोहिमेची ऑर्डर आली, की लेखी नोटीस आणि ऑर्डरची प्रत द्यायची, भाडं महिन्याचं असेल तर पुढच्या भाड्याच्या तारखेनंतर 30 दिवसांनी करार संपतो, दंड नाही.

मला त्या दिवसांत सारखी आपली बोपोडीची खोली आठवत होती. खडकीच्या फॅक्टरीतून तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सोडायची मुदत संपत आली आणि बिल्डर फ्लॅटचा ताबा देईना. आई, तू पितळेचे डबे पोत्यात भरून जिन्यात बसली होतीस. बोपोडीच्या घरमालकीण आजींनी डिपॉझिट मागितलंच नाही. "फ्लॅट झाला की जा," म्हणाल्या. सात महिन्यांनी आपण निघालो तर चालू महिन्याचे उरलेले दिवस मोजून पैसे परत केले. बाबा, तुम्ही ते घेत नव्हता, त्यांनी तुमच्या खिशात घातले. मी तेव्हा कॉलेजात होते, शेजारी उभी होते.

घर महिना-दीड महिना रिकामं राहील, हे खरं आहे आणि तो तोटा आपल्याला सोसावा लागेल. आईच्या औषधांचे पैसे मी या महिन्यापासून पाठवते, त्याची काळजी नको. एजंट आयटीतल्या चार मुलांना आणतो म्हणतोय, 24,000 द्यायला तयार आहेत. मुलं वाईट असतील असं नाही. पण मला फौजी कुटुंबालाच द्यायचंय. सीएमईत नवीन आलेल्या, नायक हुद्द्याच्या एका जवानानं परवा घर बघितलं, पत्नीला पसंत आहे.

नव्या करारात मी एवढं घातलंय: बदलीची ऑर्डर आली किंवा क्वार्टर मिळालं तर लॉक-इन लागू नाही, महिनाभराची नोटीस पुरे, डिपॉझिट चावी देतानाच परत. ओळखीसाठी आधार घ्यायचं. फौजी ओळखपत्राची झेरॉक्स मागायची नाही, ती त्यांना देता येत नाही. गेल्या वेळी एजंटनं त्यावरून उगाच वाद घातला होता. रजिस्ट्रेशन मात्र करायचंच, ती जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. फी 1,000 आणि स्टॅम्प ड्यूटी साधारण 500, तो खर्च या वेळी निम्मा आपण करू. पोलिसांकडची भाडेकरू नोंदही मी करते.

शनिवारी संध्याकाळी करार नोंदवायला बायोमेट्रिकवाला घरी येतोय. कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाचं आहे, पण बाबा, घर तुमच्या आयुष्याच्या फंडातून झालंय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी अंगठा देणार नाही. शुक्रवारपर्यंत फोन करा, आणि आधी आईशी बोला.

तुमची,
माई