त्या खपलीकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत बाळाच्या टाळूवरच्या खपल्यांबद्दल लेख आला होता. ‘घाबरू नका, तेल लावा, आपोआप जातात’ हा सल्ला बहुतेक बाळांना लागू आहेच. आमच्याकडे तो लागू पडला नाही, म्हणून हे पत्र.

नातवाच्या डोक्यात चौथ्या महिन्यात खपल्या धरल्या. टाळू भरायचं काम माझ्याकडे. मी आधी तेल बदललं, मग मालिशवाल्या बाईंना बोल लावला. पुढे कानामागे, काखेत, जांघेत तांबूस-तपकिरी पुरळ उठलं. काही पुटकुळ्यांच्या टोकाला रक्ताचा ठिपका. एका डॉक्टरांनी खरूज ठरवून घरातल्या सहाही जणांना मलम चोपडायला लावलं, चादरी उकळायला लावल्या. दुसऱ्यांनी बुरशी सांगितली. यात अडीच महिने गेले. बाळ खाजेने कधीच किरकिरलं नव्हतं, पण हे आम्हा कोणाच्या ध्यानातच आलं नाही!

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी काखेतला कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला (यालाच बायोप्सी म्हणतात). एकच टाका पडला. रिपोर्टात नाव आलं, लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने 1868 साली कातडीत काही पेशी पाहिल्या होत्या (त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या). तशाच दिसणाऱ्या पेशी या आजारात बेसुमार वाढतात. वर्षाकाठी दहा लाखांत चार-पाच मुलांना होणारा आजार. नुसता कातडीपुरता असेल तर काही बाळांत आपसूक मावळतोही, पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? आमच्या बाळाच्या कवटीच्या एक्स-रेत रुपयाएवढं भोक निघालं.

मग विनब्लास्टिन या केमोथेरपीच्या औषधाची इंजेक्शनं. सहा आठवडे दर आठवड्याला, पुढे तीन आठवड्यांनी एक, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, असं वर्षभर. तेवढ्यात नातेवाइकांनी सूनबाईला विचारून घेतलं, ग्रहणात भाजी चिरली होतीस का? ती बिचारी रात्र रात्र रडायची. त्यांच्यासाठी लिहिते: निम्म्याहून अधिक रुग्णांत त्या पेशींच्या ‘बीआरएएफ’ जनुकात बिघाड सापडतो, हे 2010 मध्ये उजेडात आलं. तो बिघाड त्या पेशींतच झालेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. ग्रहणाचा, विळीचा, माझ्या तेलाचाही त्यात काही हात नाही.

नातू आता तीन वर्षांचा आहे, औषधं थांबली आहेत. हा आजार कधी कधी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला धरतो आणि मग तहान आणि लघवी बेसुमार वाढते. म्हणून तो दिवसात किती पेले पाणी प्यायला हे सूनबाई अजून कॅलेंडरवर टिपून ठेवते.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एवढी ओळ घाला: खपल्या महिनाभरात हटल्या नाहीत, पुरळात रक्ताचे ठिपके दिसले किंवा ते काखेत-जांघेत पसरलं, तर मलम बदलत बसू नका; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बायोप्सी करायची का, ते विचारा.

– एक आजी, सातारा