कपाटावरची काळी पेटी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात आपण जुने अल्बम स्कॅन करून कपाटावरच्या काळ्या पेटीत, म्हणजे घरच्या नेटला जोडलेल्या साठवणयंत्रात, साठवले, पण ती मला बंगळुरूहून का उघडता येत नव्हती, हे बाबांनी दोनदा विचारूनही मी फोनवर वेळ मारून नेली, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

पेटीचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.२० हा घरापुरताच आहे. ‘देवघरालगतची खोली’ म्हटले की आईला कळते, पोस्टमनला नाही. राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडले की बाहेरून वाट मिळेल असे धरून मी चालले होते. गणपतीत घरी आले तेव्हा तासभर खटपट केली, तरी मोबाइलच्या नेटवरून काही उघडेना. शेवटी राउटरला इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता पाहिला, तर तो १००.७२ने सुरू होत होता, आणि उलगडा झाला. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत; त्यांचा मध्यवर्ती साठा २०११मध्येच वाटून संपला. त्यामुळे कंपन्या एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटतात आणि आत १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते देतात. चाळीला पाटी एकच, आणि आलेल्या माणसाला कुठल्या बिऱ्हाडात धाडायचे हे फाटकावर कुणालाच ठाऊक नाही, असा हा प्रकार आहे.

एका परीने बरेच झाले. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच उघड्यावर पडलेले कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. मी उघडलेले पोर्ट लगेच बंद केले.

आता पेटीवर वायरगार्ड हा सुरक्षित खासगी जोडणी करणारा प्रोग्रॅम बसवला आहे. मी भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरशी पेटी आतूनच संपर्क साधते आणि वाट बुजू नये म्हणून दर २५ सेकंदांनी त्याला एक निरोप धाडते. माझा लॅपटॉपही तिथेच जोडला जातो. किल्ली जुळली नाही, तर तो सर्व्हर कुणाला साधे उत्तरही देत नाही.

मात्र पेटी रोज रात्री दहाच्या सुमारास गायब होते आणि सकाळी सहाला परत येते. बाबा, झोपण्यापूर्वी सगळी बटणे बंद करण्याची तुमची शिस्त मला ठाऊक आहे. तरीही राउटर आणि पेटी ज्या बोर्डावर आहेत, त्याच्या बटणावर मी लाल चिकटपट्टी लावली आहे, तेवढे एक चालू राहू द्यावे. विजा कडाडू लागल्या, तर मात्र मला न विचारता बंद करावे.

आपली,
धाकटी