कॅल्शियमच्या ब्लॉकेजवर लेसरच कशाला?

संपादक महोदय,

हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेले कॅल्शियम ‘लेसरने वितळवतात’, असा दावा हल्ली सर्रास वाचायला मिळतो. माझ्या वडिलांच्या अँजिओग्राफीत डाय सोडण्याआधीच वाहिनीच्या दोन्ही कडांना गडद रेषा दिसत होत्या, ठोक्यागणिक हलणाऱ्या. तेच हे कॅल्शियम. इतकी टणक वाहिनी साध्या फुग्याने फुलत नाही. तसाच स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला तर तो पुरता उघडत नाही आणि पुढे गुठळी होण्याचा धोका वाढतो.

एक्सायमर लेसर ३०८ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे झटके देतो. जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेले ब्लॉकेज असो, की फुगाच पलीकडे जात नाही अशी अडचण, तिथे तो खरोखर कामाचा आहे. जाड कॅल्शियमवर मात्र त्याची ताकद तोकडी पडते. तिथे हिऱ्याचे कण लावलेले टोक वेगाने फिरवून घासणारे रोटाब्लेशन वापरतात, किंवा ध्वनिलहरींनी कॅल्शियमला तडे पाडणारी लिथोट्रिप्सी. मूतखडा फोडतात त्याच तत्त्वावरची. काय योग्य, हे शक्यतो ओसीटी (प्रकाशाने) किंवा आयव्हस (ध्वनिलहरींनी) या तपासण्यांत वाहिनी आतून पाहून ठरवावे.

स्टेंटच्या किमतीला केंद्राने २०१७ मध्ये लगाम घातला, पण या उपकरणांचा खर्च त्याहून वेगळा. म्हणून कोणते उपकरण, कशासाठी आणि किती रुपयांना, हे रुग्णालयांनी आधीच लेखी द्यावे. रुग्ण टेबलावर असताना दाराशी येऊन ‘लेसर लागेल, सही करा’ म्हणणे थांबलेच पाहिजे.

– एक वाचक, सातारा