पट्टी केवढ्याला पडली, ते आधी बघ

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या फ्रेमच्या दुकानात मालावर किती टक्के चढवायचे, हे तू फोनवर विचारलंस. शेजारच्या फ्रेमवाल्याचे दर बघून आपलेही तसेच लावावेत, असं तुझ्या मनात दिसतंय. तसं करू नकोस. त्याची जागा कदाचित स्वतःची असेल, तुला भाडं आहे. तो फ्रेमची पट्टी पेटीने उचलतो की नगाने, ते तुला ठाऊक नाही. त्याच्या हिशेबावर तुझं दुकान चालणार नाही.

आधी माल खरोखर केवढ्याला पडला ते काढायला शीक. समज, १२ बाय १८ इंचांचा फोटो आला. चारी बाजू मिळून ६० इंच, म्हणजे पाच फूट. बिल पाच फुटांचं केलंस की तिथेच मार खाल्लास. कोपरा ४५ अंशांत कापायचा, तर प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीएवढी लांबी जास्त लागते. पट्टी एक इंच रुंद असेल तर चार बाजूंचे आठ इंच, एकूण ६८. तीच पट्टी तीन इंचांची असेल तर २४ इंच, चक्क दोन फूट जादा! आता दहा फुटी पट्टीतून ६८ इंच गेले, ५२ उरले. त्यात दुसरी १२ बाय १८ निघत नाही. ८ बाय १० निघते, पण तेवढ्याच मापाचं आणि तीच डिझाइन पसंत करणारं गिऱ्हाईक यायला हवं. तोवर तो तुकडा भिंतीला टेकून उभा, आणि त्याचे पैसे तू केव्हाच चुकते केलेले. शिवाय वाहतुकीत टोकं फुटतात, सोनेरी पट्टीवर ओरखडे येतात. म्हणून पट्टीच्या भावात आधी घट, म्हणजे वाया जाणारा माल, धर आणि त्यानंतर नफा.

काचेचं गणित निराळं आहे, आणि पुष्कळ दुकानदार इथेच फसतात. १२ बाय १८ला काच दीड चौरस फूट लागते. माप दुप्पट झालं, २४ बाय ३६ आलं, की पट्टीची लांबी दुपटीच्या आसपास राहते. काच मात्र सहा चौरस फूट, म्हणजे चौपट. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा, आणि मागचा बोर्डही चौपट. त्यातून मोठी काच कापताना तडकण्याची भीती जास्त, उचलायला दोन माणसं. सगळा भाव नुसत्या रनिंग फुटावर, म्हणजे पट्टीच्या लांबीवर, लावलास तर छोट्या फ्रेमचं गिऱ्हाईक मोठ्या फ्रेमवाल्याचे पैसे भरत राहील. पट्टी फुटावर, काच-माउंट-बोर्ड चौरस फुटावर, मजुरी वेगळी, असे तीन रकाने ठेव.

सगळ्या मालाला एकच टक्का लावू नकोस. २० रुपये फुटाची पट्टी कापायला, जोडायला, हुक आणि टेप लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच १५० रुपये फुटाच्या पट्टीला लागतो. स्वस्त पट्टी तिपटीने विकलीस तरी कुणाला जड जात नाही. महागडी तिपटीने सांगितलीस तर माणूस पायरी उतरून जातो. तिथे दीडपट ते पावणेदोनपट पुरे. रुपयांत बघितलंस तर महागडी फ्रेमच जास्त देऊन जाते.

सूट देण्याचं एक पक्कं डोक्यात ठेव. शंभराचा माल दीडशेला लावलास. गिऱ्हाइकाने घासाघीस केली, तू वीस टक्के सोडलेस. वाटतं, थोडंच सोडलं. पण दीडशेचे वीस टक्के म्हणजे तीस रुपये. हातात पन्नासाऐवजी वीस उरले. त्यातूनच भाडं आणि वीजबिल भरायचं आहे.

घाऊक कामाला मात्र मोकळ्या मनाने सूट दे, कारण तिथे बचत खरी असते. कोल्हापुरात शाहू स्मारकला प्रदर्शन लावणारे चित्रकार आपल्याकडे एकदम वीस फ्रेमा टाकतात. त्याच १२ बाय १८च्या वीस फ्रेमा, एकेक करून वेगवेगळ्या रंगांत केल्या तर वीस पट्ट्या फोडाव्या लागतील. एकाच डिझाइनमध्ये असतील तर बारा पट्ट्यांत बसतात: आठ पट्ट्यांतून पाच-पाच लांब बाजू आणि एक-एक आखूड, उरलेल्या चार पट्ट्यांतून आठ-आठ आखूड. कागदावर मांडून बघ. जी घट वाचली, त्यातला वाटा त्या कलाकाराला द्यायला काय हरकत आहे?

जुनं काम आलं तर स्वस्त माल दाखवूच नकोस. लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यात छापलेलं रविवर्म्याचं एखादं देवीचं चित्र कुणी आजीच्या घरातून आणतं. साधा माउंट लावलास तर त्यातल्या आम्लाने काही वर्षांत कापाच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, आणि ती पुसता येत नाही. अ‍ॅसिड-फ्री माउंटच लाव, काच चित्राला चिकटू देऊ नकोस. भाव जास्त होईल. का होतो ते समजावून सांग, आणि तरी नको म्हणाले तर काम परत कर.

आणि दहाव्या-तेराव्यासाठी तातडीने फोटो फ्रेम करून मागायला माणसं येतात, तेव्हा तातडीचे जादा पैसे घ्यायचे नाहीत. तिथे नेहमीचाच दर. ही माझी अट समज.

दरपत्रक झालं की मोबाईलवर पाठव. काचेचा रकाना मी स्वतः तपासतो.

तुझे,
बाबा