बाबांचा आवाज जागेवर आणून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री आत्याचा फोन आला. बाबांच्या चित्रीकरणाची डिस्क तिची तिसऱ्यांदा बघून झाली होती. हॅलो म्हणायच्याही आधी ती म्हणाली, "अगं, बोलायला लागायच्या आधी तो घसा खाकरतो ना, तेसुद्धा आलंय!" फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. जिन्यात भेटल्यावर दोन शब्दांत आभार मानून मला मोकळं व्हायचं नाहीये. तुम्ही चार रविवार माझ्या टेबलाशी बसून काय केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितेय. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा.

आत्या ऐंशीच्या पुढची. फोनवर व्हिडिओ पाठवला तर तिला तो उघडता येत नाही, आणि उघडून दिला तरी तेवढ्याशा पडद्यावर तिला नीट दिसत नाही. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेयर मात्र ती डोळे मिटून चालवते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं जे काही चित्रीकरण घरात उरलंय ते तिच्या हातात डिस्कवर द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. माल तीन तऱ्हेचा होता. एका जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून कधीतरी बाहेरून उतरवून घेतलेली बासष्ट मिनिटांची फाइल, कॅमेऱ्याच्या छोट्या मिनी डीव्ही टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या काही फाइली, आणि शेवटच्या दोन वर्षांतल्या मोबाइलवरच्या क्लिप.

मी आधी या फाइली जशाच्या तशा डिस्कवर उतरवल्या. प्लेयरमध्ये डिस्क फिरली, थांबली, पडद्यावर काही नाही. मग एका प्रोग्रामला सगळं सोपवलं. त्याने डिस्क करून दिली, ती चाललीही. पण बाबा आडवे ताणलेले दिसत होते, चित्रातल्या सायकलची चाकं थरथरत होती, आणि तासाभराच्या शेवटी त्यांचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत होते. त्या रात्री तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही ते पाहिलंत आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. "मूळ फाइली आहेत ना? मग काही बिघडलेलं नाही," एवढंच म्हणालात. ते वाक्य मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काही बदलायला हातच लावू दिला नाहीत. "आधी फाइल वाच, मग हात लाव." मीडियाइन्फो नावाचा प्रोग्राम उघडून एकेका फाइलचं पोट दाखवलंत. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४ ही नुसती डब्यांची नावं, आत चित्र कशात आणि आवाज कशात बांधलाय ते वेगळं पाहावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. साध्या डीव्हीडी प्लेयरला चित्र साधारणपणे एमपेग-२ नावाच्या बांधणीत लागतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससीत ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने. आणि हे सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या मांडणीत: व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज, आयएफओत प्लेयरसाठी वाट दाखवणारी माहिती, बीयूपीत त्याच माहितीची जादा प्रत. माझ्या पहिल्या डिस्कवर यातलं काहीच नव्हतं. प्लेयर बिचारा काय शोधणार?

बाबा आडवे का झाले, तेही त्याच दिवशी कळलं. जुन्या टीव्हीचं ४:३ चं चित्र असो की रुंद टीव्हीचं १६:९ चं, डिस्कवर ठिपके तेवढेच, ७२० बाय ५७६. कसं पसरायचं ते एका खुणेवर ठरतं. प्रोग्रामने जुन्या ४:३ चित्राला १६:९ ची खूण लावली होती. तुम्ही ती बदललीत आणि बाबांना त्यांचे खांदे परत मिळाले.

सायकलच्या चाकांची गोष्ट मला फार आवडली. फ्रेम थांबवून तुम्ही चाकाची कड दाखवलीत, फणीच्या दातांसारखी. जुन्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं विणलेली असतात, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. आधी कुठलं दाखवायचं हा क्रम चुकला की हलणारी वस्तू पुढे, मागे, पुढे अशी थरथरते. मिनी डीव्हीचा क्रम खालच्या ओळीपासून सुरू होतो, माझ्या व्हीएचएसच्या फाइलचा वरच्या ओळीपासून होता, आणि प्रोग्रामने दोन्हींना एकच क्रम लावला होता. मी म्हणाले, ते दातच घालवून टाकू ना. तुम्ही म्हणालात, नको, डीव्हीडीला विणलेलं चित्र चालतं, टीव्ही ते स्वतः उलगडतो, आपण घाई करून अर्धी हालचाल फेकून द्यायची नाही. नुसता क्रम नीट लावलात आणि चाकं गोल फिरू लागली.

पण मला खरं लिहायचंय ते आवाजाबद्दल. तुमचं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, म्हणून असेल, तुम्ही चित्राआधी आवाज घेतलात. "चेहरा पुसट असला तरी माणूस ओळखता येतो, पण ओठ आणि शब्द सुटे झाले की तो आपला वाटत नाही."

व्हीएचएसच्या त्या फाइलमध्ये मी सहा वर्षांची आहे आणि बाबा मला सायकल शिकवतायत. सुरुवातीला ते खाली बसून चेन चढवतात आणि पाना फरशीवर पडतो. तुम्ही तिथे थांबलात. पाना फरशीला टेकतो ती फ्रेम शोधलीत, आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये आवाजाच्या रेघेवर त्याच क्षणाची उभी टोकदार रेघ दाखवलीत. दोन्ही जुळत होतं. मग एकतिसाव्या मिनिटाला मी अंगठ्याने घंटी वाजवते ती जागा. तिथे आवाज पंधरा फ्रेम मागे. मग शेवटी मी पहिल्यांदा एकटी गोल फेरी मारून येते आणि बाबा टाळी वाजवतात. तिथे तीस फ्रेम मागे, म्हणजे १.२ सेकंद.

"छान आहे," तुम्ही म्हणालात, आणि मला कळेना की छान काय आहे. मग तुम्ही समजावलंत. पहिल्यापासून शेवटपर्यंत फरक सारखाच असता, तर आवाज नुसता सरकवायचा. मध्येच एकदम उडी असती, तर उतरवताना फ्रेम गळल्या आहेत, मग जागा शोधून शोधून कापाकापी. पण इथे फरक सरळ रेषेत वाढतोय. म्हणजे टेप उतरवताना चित्र एका यंत्राच्या घड्याळावर मोजलं गेलं आणि आवाज दुसऱ्याच्या, आणि दोन घड्याळं केसभर वेगळी चालत होती. ३७२० सेकंदांत १.२ सेकंद, म्हणजे दहा हजारांत तीनाच्या आसपास. आवाज तेवढाच जलद करायचा, ०.०३२ टक्के. कुठल्याही कानाला स्वर बदललेला कळणार नाही. तुम्ही तो आकडा घातलात, फाइल पुन्हा जोडलीत आणि थेट शेवटावर गेलात. बाबांचे तळवे एकमेकांवर पडले आणि त्याच क्षणी टाळी ऐकू आली. माझ्या घशातून आवाज फुटेना. तुम्ही उठून खिडकीशी जाऊन उभे राहिलात, तेही मला आठवतंय.

त्या फाइलचा आवाज सीडीसारखा ४४.१ किलोहर्ट्झचा होता, तो ४८ वर न्यायचा होता. तिथेही तुम्ही बजावलंत की नमुने नव्याने काढून घ्यायचे, फाइलवरच्या आकड्याची नुसती पाटी बदलायची नाही. पाटीच बदलली तर आवाज जवळजवळ नऊ टक्के जलद आणि उंच होतो. मिनी डीव्हीच्या दोन फाइलींत आवाज ३२ किलोहर्ट्झ, १२ बिटचा निघाला, तोही तसाच वर आणला. मोबाइलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग सारखा नव्हता, उजेड कमी झाला की कॅमेरा सावकाश होत होता, म्हणून त्या आधी सेकंदाला २५ वर बांधून घेतल्या. उभ्या क्लिपना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या, बाबांना कापलं नाही.

एका गोष्टीवरून आपलं वाजलं होतं. जुन्या टेपची सूसू मला अजिबात नको होती. एका बटणात ती जाते हे मी पाहिलं होतं. तुम्ही करून दाखवलंत आणि हेडफोन माझ्या कानाला लावलात. सूसू गेली होती. पण बाबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला होता, आणि वाक्याआधीचं ते घसा खाकरणं पार नाहीसं झालं होतं. मला ते जाणवलं नव्हतं, तुम्ही दाखवलंत तेव्हा जाणवलं. "सूसू थोडी राहू दे. श्वास तिच्यातच आहेत." तुम्ही ती जराशीच खाली आणलीत, तिन्ही तऱ्हांच्या आवाजांची पातळी एकसारखी केलीत, म्हणजे आत्याला सारखा रिमोट दाबावा लागू नये. काल तिने फोनवर पहिली ओळखली ती नेमकी तीच खाकर. हे तुम्हाला सांगण्यासाठीच खरं म्हणजे पत्र सुरू केलं.

जागेचा हिशोब तुम्ही एका बिलाच्या पाठीवर केलात, तो कागद मी ठेवलाय. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ४.३८ च्या आसपास दाखवतो, कारण मोजायची मापं दोन आहेत. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. माझं चित्रीकरण तीन तासांचं. १०,८०० सेकंदांनी भागलं तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा येत नाहीत. टेपवरचं चित्र दाणेदार असतं आणि दाणे बांधायला जास्त जागा लागते, तेव्हा एवढ्यात चेहऱ्यांचे चौकोन होतात. "दोन डिस्क कर." दीड तासाच्या प्रत्येक डिस्कवर सेकंदाला जवळजवळ सात मेगाबिट मिळाले. आवाज न दाबता पीसीएममध्ये ठेवला असता तर त्यानेच प्रत्येक डिस्कवर एक जीबी खाल्लं असतं, म्हणून एसी-३ या दाबलेल्या प्रकारात, सेकंदाला २५६ किलोबिट. चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत परवानगी आहे, पण घरी केलेली डिस्क त्या टोकाला नेली तर जुने प्लेयर अडखळतात, म्हणून वरची मर्यादा आठच ठेवलीत. एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला दोन फेऱ्या मारायला लावल्या, पहिल्या फेरीत कुठे हालचाल जास्त आहे ते बघायला, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करायला. आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलवरूनच. मी आधीच्या बदललेल्या प्रतीवरून काम करायला निघाले होते, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. बरं झालं चढवलात. प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी काहीतरी सांडतं.

मेनू तुम्ही ठेवलाच नाहीत. डिस्क घातली की चित्र सुरू. प्रसंग बदलला की नवा चॅप्टर, म्हणजे आत्याला पुढचं-मागचं एक बटण पुरतं. आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर करून तिच्याच प्लेयरवर लावून पाहिलं. मग खरी डिस्क, सर्वांत जास्त वेगाने न लिहिता, लिहून झाल्यावर पडताळून. वर कागदी लेबल नाही, आतल्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरात तारीख. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक भावाकडे. डीव्हीडी बघण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही, हे तुमचं म्हणणं त्यालाही पटलंय.

दादा, तुम्ही पैसे घेतले नाहीत. "तुझ्या बाबांची आणि माझी ओळख झाली, एवढं पुरे," म्हणालात. तुम्ही त्यांना कधी भेटला नव्हता. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा ते गेलेले होते. पण चार रविवार त्यांचा आवाज तुमच्या कानांत होता, आणि शेवटी शेवटी ते कुठल्या शब्दावर थांबतात हे तुम्हाला माझ्याआधी कळत होतं. सायकल सोडताना ते म्हणतात, "पायडल मार, मागे बघू नकोस," आणि "मागे" म्हणताना जरा अडखळतात. ती अडखळ तुम्ही मला दाखवलीत. मी सहा वर्षांची असताना मला ती ऐकू आली नव्हती, कारण मी पुढे बघत होते.

आत्याने विचारलंय की हे काम कोणी केलं. मी सांगितलं. तिने तुमच्यासाठी आशीर्वाद पाठवलाय, आणि एक निरोप: तिच्याकडे बाबांच्या लहानपणीची एक ऑडिओ कॅसेट आहे, आजोबांनी भरलेली. तीस वर्षांत लावलेली नाही. ती पुढच्या शनिवारी घेऊन येतेय. टेप आधी हाताने थोडी फिरवून बघायची, एकदम प्लेयरमध्ये घालायची नाही, हे मी तिला तुमच्या वतीने सांगून ठेवलंय. बाकी तुम्ही याल तेव्हा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची