धुऊन चकचकीत केलेला खडक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेलगळतीनंतरच्या किनारा-सफाईवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती कष्टाने जमवलेली आहे, सफाई करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दलही दुमत नाही. खटकली ती 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे. 'नंतर'च्या चित्रातला खडक उघडाबोडका, उन्हात चमकणारा, आणि खालची ओळ सांगते की किनारा पूर्ववत झाला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला धडधाकट खडक सहसा असा दिसत नाही. तो डागाळलेला, बुळबुळीत आणि अनवाणी पायाला बोचणारा असतो. त्यावर पाऊल ठेवले की बऱ्याचदा ते दगडावर नव्हे, प्राण्यांवर पडते.

या वस्तीत कोण कुठे राहणार हे कसेही ठरत नाही. खडकावरचे पांढरट, खरखरीत बार्नॅकल घ्या. हा खेकड्यांच्या गोतातला प्राणी. लहानपणी पोहत येतो, डोके खडकाला कायमचे चिकटवतो आणि उरलेले आयुष्य पायांनी पाणी चाळून पोट भरतो. स्कॉटलंडमधल्या कंब्रे बेटावर जोसेफ कॉनेल यांनी बार्नॅकलच्या दोन जातींवर केलेले काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान जात वरच्या, जास्त कोरड्या पट्ट्यात आढळायची. तिला खालची जागा मानवत नाही म्हणून? कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यातली मोठी जात काढून टाकली, तर लहान जात तिथेही छान वाढली. एरवी मोठे बार्नॅकल तिला चिरडत, खालून उचकटत किंवा वर चढून झाकून टाकत. वरच्या पट्ट्यात मात्र मोठ्या जातीला ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही, म्हणून तेवढी जागा धाकट्यांची. थोडक्यात, वरची हद्द बहुधा ऊनवारा आखतो आणि खालची शेजारी आखतात. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण खडक वाचायला सुरुवात इथून करावी.

सफाईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रहिवासी मात्र लिंपेट. शंकूच्या आकाराचे कवच असलेली ही गोगलगाय भरतीच्या पाण्यात किंवा ओलसर वेळी खडकावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडत फिरते. अनेक लिंपेट चरून झाल्यावर नेमक्या आपल्याच जागी परततात. तिथल्या खडकाच्या उंचसखलपणाबरहुकूम कवचाची कड वाढलेली असते, त्यामुळे ओहोटीत आतला ओलावा टिकतो. तिच्या दातांत गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू असतात. जीवसृष्टीत मोजल्या गेलेल्या सर्वांत मजबूत पदार्थांत या दातांची गणना होते. एवढी हत्यारे लागतात, कारण ती शेवाळाबरोबर खडकाचाही कण काढते. समुद्री वनस्पतींची कोवळी रोपे मोठी होण्याआधीच तिच्या पोटात जातात. आयल ऑफ मॅन बेटावर १९४० च्या दशकात खडकाच्या एका पट्ट्यावरच्या लिंपेट मुद्दाम काढून टाकल्या होत्या. त्या पट्ट्यावर तपकिरी समुद्रशेवाळाचे रान माजले.

हाच प्रयोग १९६७ मध्ये कुणाच्या मनात नसताना शेकडो पट मोठ्या प्रमाणावर झाला. त्या वर्षी १८ मार्चला 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. किनारे लवकर स्वच्छ दिसावेत म्हणून सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले गेले. तेल लागूनही पुष्कळ लिंपेट जगल्या असत्या; त्या डिटर्जंटने मेल्या. चरणारे गेल्यावर आधी खडक हिरवेगार झाले, मग तपकिरी शेवाळाने भरले, आणि त्याखाली बार्नॅकल दबले. शेवाळाच्या ओलसर सावलीत लिंपेटची पिल्ले भरमसाट वाढली. त्यांनी शेवाळ फस्त केले, आणि मग खायलाच न उरल्याने त्या उपाशी मरू लागल्या. किनाऱ्याची ही हेलकावणारी घडी नेहमीच्या चढउतारांवर यायला जबर फवारणी झालेल्या जागी १० ते १५ वर्षे लागली. कॉर्नवॉलमधल्याच गॉड्रेव्ही येथे तेल आले होते पण डिटर्जंट वापरले नव्हते; तिथला किनारा २-३ वर्षांत सावरला.

आजची रसायने १९६७ च्या डिटर्जंटइतकी विषारी नाहीत, हे मान्य. पण नुकसान करायला विष नसलेले साधे पाणीही पुरते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा किनारे जोरदार दाबाच्या गरम पाण्याने धुतले गेले. तेलातून वाचलेले शिंपले, बार्नॅकल आणि शेवाळ त्या पाण्याने भाजून, उखडून निघाले. काही जागा तुलनेसाठी जाणूनबुजून न धुता ठेवल्या होत्या म्हणूनच हा फरक मोजता आला. मला विचाराल तर त्या सगळ्या सफाईतला सर्वांत शहाणा निर्णय तो होता.

एक प्राणी गेला की बाकीच्यांचे काय होते याचे आणखी गाजलेले उदाहरण रॉबर्ट पेन यांचे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह बे येथे १९६३ पासून ते खडकाच्या एका भागातले तारामासे उपटून समुद्रात फेकत राहिले. तारामासे शिंपल्यांना खात. ते हटल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि पेन नोंदत असलेल्या १५ जातींच्या ८ उरल्या. तिथे शिकारी हलवला होता, कॉर्नवॉलमध्ये चरणारे मेले. परिणामांची दिशा वेगळी, पण दोन्हीकडे पहिल्या धक्क्याहून पुढची साखळीच लांबली.

याचा अर्थ तेलाकडे पाहत बसावे असा मुळीच नाही. साचलेले जाड तेल उपसायलाच हवे. निवाऱ्याच्या खाडीत गोट्यांखाली मुरलेले तेल वर्षानुवर्षे टिकते, आणि पक्षी किंवा सील जिथे दाटीने येतात तिथे खडकावरच्या जिवांची किंमत मोजूनही सफाई करणे योग्य ठरू शकते. लाटांचा मारा झेलणाऱ्या उघड्या कड्यांवर मात्र लाटाच बरेचसे काम उरकतात. तिथे यंत्रे नेण्याआधी खडकावर काय जिवंत आहे हे कुणीतरी गुडघे टेकून पाहावे.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच. अशा बातमीबरोबर 'नंतर'चे चित्र छापताना ते सफाईनंतर किती दिवसांनी घेतले हे लिहावे, आणि मिळाल्यास शेजारच्या न धुतलेल्या खडकाचेही छापावे. अलास्कात 'मर्न्स रॉक' नावाचा एक न धुतलेला धोंडा आहे. त्याचे छायाचित्र १९९० पासून दरवर्षी घेतले जाते. कधी तो शेवाळाने झाकलेला असतो, कधी शिंपल्यांनी किंवा बार्नॅकलनी, कधी बराचसा उघडा. त्यातले कुठलेही एकच वर्ष निवडले तर हवा तो निष्कर्ष काढता येईल, म्हणून आपल्या वार्ताहरांनी निदान सलग चार-पाच वर्षांची चित्रे मागवावीत.

कळावे,
आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक